सोळा इंचांवर अडलेला कारखाना: डंडीच्या मिशेलिन प्लँटचे प्रकरण

नोव्हेंबर २०१८ च्या पहिल्या आठवड्यात मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीने जाहीर केले, की स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातला टायर कारखाना २०२० च्या मध्यापर्यंत बंद होईल. त्या वेळी तिथे ८४५ माणसे कामाला होती. कारखाना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू होता आणि तिथे मोटारींचे टायर बनत, मुख्यतः १६ इंच आणि त्याखालच्या रिमचे. कंपनीने कारणे सरळ सांगितली. युरोपातली मागणी मोठ्या टायरांकडे सरकली आहे, लहान आकारांत आशियातून स्वस्त माल येतो आहे आणि मोठ्या आकारांसाठी हा कारखाना बदलायचा तर तो खर्च भरून निघणार नाही.

ब्रिटनमध्ये तेव्हा प्रत्येक वाईट बातमीचा संबंध ब्रेक्झिटशी जोडला जात होता. कंपनीने तो नाकारला आणि पुढच्या घटना पाहता तिचे म्हणणे पटते, कारण तेच कारण पुढे फ्रान्समध्येही दिले गेले. कामगार कामात कमी पडले असेही नव्हते. एखादा चांगला चालणारा कारखाना केवळ तो कोणत्या आकाराचा माल काढू शकतो यामुळे कसा संपतो, हे समजून घ्यायला डंडीसारखे दुसरे प्रकरण नाही.

मागणी कुठे गेली

लहान टायरांची मागणी संपली, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. युरोपच्या रस्त्यांवर १४, १५ आणि १६ इंची रिमच्या कोट्यवधी गाड्या आजही धावतात आणि त्यांना टायर लागतातच. बदलले ते हे, की ते टायर आता कोण विकत घेतो आणि किती किमतीला.

टायरची बाजारपेठ दोन थरांची आहे. पहिला थर नव्या गाडीवर बसून येणाऱ्या टायरांचा, दुसरा झिजल्यावर बदलल्या जाणाऱ्या टायरांचा. संख्येने दुसरा थर मोठा असतो आणि पैसाही तिथेच मिळतो. आज नव्या गाडीवर जो आकार बसतो तो साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलीच्या बाजारात दिसू लागतो. पहिल्या बदलीच्या वेळी गाडी बहुधा मूळ मालकाकडेच असते आणि तो बहुतेकदा आधी होता त्याच ब्रँडचा टायर मागतो. दुसऱ्या-तिसऱ्या बदलीपर्यंत गाडी आठ-दहा वर्षांची झालेली असते, कदाचित दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेलेली असते. गाडीचीच किंमत इतकी उतरलेली असते, की तिच्यावर चार महागडे टायर चढवणे त्याला पटत नाही. तो दुकानात जाऊन सगळ्यात स्वस्त कोणता ते विचारतो.

२०१८ पर्यंत युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी सुमारे एक तृतीयांश एसयूव्ही होत्या. दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण याच्या जवळपासही नव्हते. एसयूव्ही १७, १८, १९ इंची रिमवर येते. हॅचबॅकच्या वरच्या मॉडेलांवरही १७ इंच आले. म्हणजे १६ इंच आणि त्याखालच्या आकारांना खाली नव्या गाड्यांचा आधार कमी कमी होत गेला आणि उरली ती जुनी गाडी. तिचा मालक चीन किंवा आग्नेय आशियातून आलेला टायर घेत होता. मिशेलिनसारख्या महाग ब्रँडच्या हातून लहान टायर सुटला तो असा. बाजारातली नगांची संख्या फारशी घसरली नाही, पण त्या नगांवर मिशेलिनचा भाव मिळेना.

शुल्काचा आधारही नव्हता. युरोपीय संघाने २०१८ मध्ये चिनी टायरांवर अँटी-डंपिंग शुल्क (अवाजवी स्वस्त आयात रोखणारे जादा शुल्क) लावले ते ट्रक आणि बसच्या टायरांवर. मोटारींच्या टायरांबाबत अशी चौकशी सुरू व्हायला २०२५ चा मे महिना उजाडला, तोवर डंडी बंद होऊन पाच वर्षे होत आली होती.

साचा मावत नाही म्हणजे काय

बाहेरच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हा: टायरच बनवताय ना, मग मोठे बनवा. इथे थोडे यंत्रांपाशी थांबायला हवे. पुढचे वर्णन लहान मोटार-टायर बनवणाऱ्या कोणत्याही जुन्या कारखान्याला लागू पडते.

चार आकार घेऊ. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि 'आर'नंतरचा रिमचा व्यास इंचांत.

१७५/६५ आर १४: बाहेरचा व्यास सुमारे ५८३ मिमी.
२०५/५५ आर १६: सुमारे ६३२ मिमी.
२२५/४५ आर १७: सुमारे ६३४ मिमी.
२३५/५५ आर १९: सुमारे ७४१ मिमी.

हिशेब सोपा आहे. रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात रुंदीच्या टक्क्यांनी निघणारी बाजूच्या भिंतीची उंची दोनदा मिळवायची. दुसऱ्या आणि तिसऱ्या टायरच्या व्यासात जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक आहे. म्हणजे १६ इंची टायर शिजवणाऱ्या क्युअरिंग प्रेसमध्ये १७ इंची लो-प्रोफाइल टायरचा साचा बसू शकतो. त्यामुळे नुसते रिमचे इंच पाहून कारखान्याची कुवत ठरवू नये. खरी अडचण चौथ्या ओळीत आहे.

एसयूव्हीचा टायर व्यासाने शंभर मिलिमीटरहून अधिक मोठा, शिवाय रुंद. त्याचा साचा सेगमेंटेड असतो, म्हणजे नक्षीचा भाग तुकड्या-तुकड्यांनी बाहेर सरकून उघडतो. त्याभोवती ते तुकडे धरून ठेवणारा कंटेनर आला. मोटार-टायरांच्या जुन्या रांगांमध्ये ४५ इंची प्रेस सर्रास असतात. त्यांत हा कंटेनर मावत नाही, किंवा मावला तरी टायर आत घालायला आणि बाहेर काढायला लागणारी उघडझाप पुरत नाही. मोठी प्रेस आणायची तर ती जुन्या जागी बसत नाही. प्रेसची रांग ज्या खड्ड्यावर उभी असते त्याचा पाया, वाफेच्या आणि गरम पाण्याच्या पाइपांचे अंतर, कच्चा टायर उचलून आणणारा लोडर, खालचा कन्व्हेअर, हे सगळे जुन्या प्रेसच्या मापाने केलेले असते. जिथे दहा प्रेस होत्या तिथे आठच बसतात. म्हणजे पैसा ओतून नगांची क्षमता कमी होते. मोठ्या टायरला प्रेसमध्ये वेळही जास्त लागतो. १६ इंची टायर दहा-बारा मिनिटांत निघत असेल, तर जाड टायरला त्याच्यापुढे काही मिनिटे हवीत.

त्याआधी बिल्डिंग मशीन येते. ज्या ड्रमवर कच्चा टायर बांधला जातो त्याचा व्यास बीडच्या, म्हणजे टायर रिमला धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्याच्या, व्यासाशी जुळवलेला असतो. ड्रमचे भाग बदलून एकाच मशीनवर १३ ते १६ इंच काढता येतात, पण प्रत्येक मशीनला आपली वरची हद्द असते. ती ओलांडायची तर मशीनच नवे लागते. त्यातच भाराचा प्रश्न आहे. १७५/६५ आर १४ वर लोड इंडेक्स ८२ असतो, म्हणजे एका टायरवर ४७५ किलो. २३५/५५ आर १९ चा जादा भाराचा प्रकार १०५ इंडेक्सचा असतो, म्हणजे ९२५ किलो. जवळजवळ दुप्पट. बीडमधली तार, तिच्यावरचा फिलर आणि बाजूच्या भिंतीची बांधणी त्या हिशेबाने बदलते.

वेगाच्या दर्जाचे तसेच. लहान गाडीला टी (ताशी १९० किमी) किंवा एच (२१० किमी) पुरतो. मोठ्या गाड्यांना व्ही, डब्ल्यू, वाय लागतात, म्हणजे २४०, २७० आणि ३०० किमी. तिथे पोलादी बेल्टवर नायलॉनची अरुंद पट्टी शून्य अंशात, सांधा न देता गुंडाळावी लागते. नाहीतर वेगात बेल्टच्या कडा उचलल्या जातात आणि टायर तिथूनच फाटतो. ही पट्टी गुंडाळायला वेगळे युनिट लागते, आणि त्याने प्रत्येक टायरमागे वेळ वाढतो.

शेवटी मिक्सिंग. ओल्या रस्त्यावरची पकड आणि कमी इंधन दोन्ही हवे असल्यामुळे ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराच्या थरात, सिलिकाचे प्रमाण वाढत गेले. सिलिका रबराशी जोडण्यासाठी सिलेन वापरतात. त्याची क्रिया मिक्सरमध्ये साधारण १४० ते १५५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात, काही मिनिटे तापमान धरून करावी लागते. कमी तापले तर जोड होत नाही, जास्त तापले तर सिलेनमधले गंधक सुटते आणि रबर तिथेच आवळायला लागते. म्हणून एकाच मिश्रणाच्या दोन-तीन फेऱ्या घ्याव्या लागतात. रबरात सिलिकाऐवजी कार्बन ब्लॅक (काजळीची भुकटी) मिसळण्याच्या जमान्यात पुरेसा असलेला मिक्सर इथे अडथळा होऊन बसतो.

हे सगळे एकत्र मांडले की लक्षात येते, की कारखाना 'मोठ्या आकारांसाठी बदलणे' हे नवा कारखाना जुन्या छपराखाली उभारण्यासारखेच काम आहे, आणि तेही जुने उत्पादन चालू ठेवून. बहुतेक कंपन्या अशा वेळी मोकळ्या जमिनीवर नवी रांग टाकणेच पसंत करतात.

नगामागे पडणारा भार

टायर कारखान्याचा मोठा खर्च उत्पादन कमी झाले तरी कमी होत नाही. बॉयलर चालूच ठेवावा लागतो, मिक्सर-कॅलेंडरची देखभाल तीच, तीन पाळ्यांची माणसे तीच.

उदाहरणादाखल धरू, की पूर्ण क्षमतेने चालताना एका टायरला १०० रुपये लागतात. त्यात ५५ कच्च्या मालाचे आणि ४५ स्थिर खर्चाचे. उत्पादन ७० टक्क्यांवर आले की स्थिर खर्चाचा नगामागचा वाटा ४५ वरून ६४ वर जातो आणि टायर ११९ ला पडतो. बाजारात शेजारच्या फळीवर आयात टायर ८० ला विकायला ठेवलेला असताना भाव वाढवून हा फरक काढता येत नाही. कापायचे तर ४५ मधूनच कापावे लागते, आणि तिथली कपात म्हणजे माणसे किंवा देखभाल. देखभाल कापली की यंत्र बंद पडण्याचे तास वाढतात, स्क्रॅप वाढतो, आणि ७० चे ६५ होतात.

मोठ्या टायरचे गणित वेगळे असते. वजन ढोबळमानाने दीड-दोनपट, पण दुकानातला भाव त्याहून कितीतरी अधिक पट. कच्चा माल किलोने घ्यावा लागतो आणि टायर नगाने विकला जातो, त्यामुळे तेवढ्याच पाळीत बनलेल्या मोठ्या टायरमध्ये स्थिर खर्च सहज मुरतो. २०२४ पर्यंत मिशेलिन ब्रँडच्या मोटार-टायरांपैकी ६० टक्क्यांहून अधिक १८ इंच किंवा त्यावरचे झाले होते. कंपनीच्या दृष्टीने लहान टायर सोडणे फायद्याचेच ठरले. त्याची किंमत डंडीने मोजली.

आधी दिसलेल्या खुणा

२०१५ च्या नोव्हेंबरात मिशेलिनने उत्तर आयर्लंडमधला बॅलिमीना इथला ट्रक-टायर कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. तिथे सुमारे ८६० माणसे होती आणि २०१८ मध्ये तो बंद झाला. त्याच घोषणेत डंडीसाठी सुमारे ५ कोटी पौंडांची गुंतवणूक जाहीर झाली होती. डंडीत त्यामुळे दिलासा वाटला, आणि तो वाटणे साहजिक होते. आमच्या मते इथेच सगळ्यांनी चुकीचा आकडा पाहिला. गुंतवणूक किती, यापेक्षा ती कोणत्या आकारात, हा प्रश्न महत्त्वाचा होता. एवढी रक्कम जाहीर होऊनही २०१८ मध्ये कारखान्याची ओळख १६ इंच आणि त्याखालचा अशीच राहिली.

शेजारच्या घडामोडीही बोलक्या होत्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये, डंडीच्या घोषणेच्या महिनाभर आधी, कूपर टायरने इंग्लंडमधल्या मेल्कशम इथे मोटारींच्या टायरांचे उत्पादन थांबवण्याचे ठरवले. सुमारे ३०० नोकऱ्या गेल्या. तिथे मोटरसायकल आणि रेसिंगचे टायर चालू राहिले, कारण त्यांत भाव मिळत होता. पुढे गुडइयरने कूपर घेतली आणि २०२३ च्या अखेरीस तोही कारखाना बंद केला.

कोणत्याही टायर कारखान्याच्या कामगार संघटनेने किंवा पुरवठादाराने वर्षाला तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. एक, उत्पादनात १७ इंच आणि त्यावरच्या टायरांचा वाटा किती आणि तो कंपनीच्या एकूण सरासरीपेक्षा मागे पडतो आहे का. दोन, गेल्या दोन वर्षांत नवे साचे कोणत्या आकाराचे आले. नव्या गाडीवर बसायला टायर मंजूर व्हायला दोन-तीन वर्षे जातात, म्हणून आज नव्या मॉडेलचा साचा आला नसेल तर दोन-तीन वर्षांनी त्याची ऑर्डर नसणार. तीन, प्रेसची संख्या आकारवार. टनांत मोजलेले उत्पादन आणि मिळालेली बक्षिसे यांतून हे कळत नाही.

घोषणेनंतरचे वीस महिने

घोषणेनंतर लगेच स्कॉटिश सरकारने कृती गट नेमला. अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री डेरेक मॅके त्यात पुढे होते, सोबत डंडी सिटी कौन्सिल आणि सरकारी विकास संस्था स्कॉटिश एंटरप्राइझ. गटाचा पहिला प्रयत्न टायरचे उत्पादन चालू ठेवण्याचा होता आणि कंपनीने काही आठवड्यांतच त्याला नकार दिला. ह्या नकारानंतर गटाने ज्या वेगाने दिशा बदलली ती दाद देण्याजोगी आहे. डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे घोषणेला दोन महिने व्हायच्या आत, मिशेलिन, कौन्सिल आणि स्कॉटिश एंटरप्राइझ यांच्यात जागेच्या पुढच्या वापराबद्दल सामंजस्य करार झाला. त्यातून मिशेलिन स्कॉटलंड इनोव्हेशन पार्क उभे राहिले. भर कमी कार्बनची वाहतूक आणि ऊर्जा यांवर आहे.

डंडीला कारखाने बंद पडणे नवीन नव्हते. बंगालच्या तागावर उभ्या राहिलेल्या तिथल्या गिरण्या विसाव्या शतकात संपल्या, आणि १९९३ मध्ये टाइमेक्स या घड्याळ कंपनीचा कारखाना कडवट संघर्षानंतर बंद झाला. ह्या वेळी दोन गोष्टी वेगळ्या घडल्या. दीड वर्षाहून अधिक मुदत मिळाली, त्यामुळे माणसांना दुसरी नोकरी आणि नवे प्रशिक्षण शोधायला वेळ होता. आणि कंपनी जागा टाकून निघून गेली नाही, भागीदार म्हणून राहिली.

तरी जे सांगायला हवे ते सांगतो. इनोव्हेशन पार्क ही ८४५ नोकऱ्यांची नगास नग भरपाई नव्हे. क्युअरिंगवर वीस वर्षे काढलेल्या माणसाचे कौशल्य बॅटरीच्या प्रयोगशाळेत जसेच्या तसे चालत नाही. त्यातल्या त्यात देखभालीचे फिटर, इलेक्ट्रिशियन आणि बॉयलर सांभाळणारे यांचे काम इतर उद्योगांत लगेच बसते. टायर बांधणाऱ्याचे हात इतके खास असतात, की जवळपास दुसरा टायर कारखाना नसेल तर त्याला नव्याने शिकावे लागते. प्रशिक्षणाचा पैसा सर्वांना सारखा न वाटता आधी ह्या गटाकडे वळवावा, असे आमचे ठाम मत आहे.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे उत्पादन थांबले आणि जूनच्या अखेरीस कारखाना अधिकृतपणे बंद झाला.

बेथ्यूनने दाखवलेला खर्च

डंडी बंद होऊन तीन महिने होतात न होतात तोच, सप्टेंबर २०२० मध्ये, ब्रिजस्टोनने उत्तर फ्रान्समधला बेथ्यूनचा कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. ८६३ माणसे, तेच लहान टायर, तीच कारणे. फ्रेंच सरकारने तिथे हार न मानता मोठ्या आकारांकडे वळण्याची योजनाच मांडली, आणि त्यामुळे अशा बदलाला किती पैसा लागतो याचा जाहीर अंदाज मिळाला: सुमारे १० कोटी युरो, त्यातला काही भाग सरकारी. कामगारांची संख्या तरीही कमी होणारच होती. ब्रिजस्टोनने नोव्हेंबरात नकार दिला. कंपनीचे म्हणणे असे, की युरोपात आधीच गरजेपेक्षा जास्त क्षमता आहे आणि बेथ्यून बदलले तरी ती कमी होत नाही. डंडीत हाच प्रस्ताव आला असता तरी उत्तर वेगळे आले असते असे वाटत नाही. एका कारखान्याचे यंत्र बदलता येते, खंडभरातली जादा क्षमता एका कारखान्याने सुटत नाही.

त्यानंतरची यादी लांबत गेली आहे. मिशेलिनने २०२३ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह, ट्रिअर आणि होमबुर्ग इथली उत्पादने थांबवण्याचे ठरवले, तर २०२४ मध्ये फ्रान्समधले शोले आणि व्हान हे कारखाने बंद करण्याचे. फ्रान्समधल्या ह्या दोन ठिकाणी मिळून १,२५४ माणसे. व्हानमध्ये टायर बनत नव्हते, टायरमधली पोलादी दोरी बनत होती. टायर कारखाने घटले की दोरीवाल्याचे गिऱ्हाईक घटते, ही साखळी अशी मागे मागे जाते.

पुणे, नाशिक, नागपूरसाठी

चाकण, नाशिक, बुटीबोरी अशा ठिकाणी टायर बनतात, त्यामुळे हे प्रकरण आपल्यालाही लागू पडते, पण सगळेच नाही. दोन फरक मोठे आहेत.

पहिला फरक आयातीचा. जून २०२० मध्ये भारताने मोटार, दुचाकी, बस यांच्या नव्या टायरांची आयात खुल्या यादीतून काढून परवान्याच्या यादीत टाकली. डंडीला ज्या स्वस्त मालाने कात्रीत धरले तो इथे मुक्तपणे येत नाही. दुसरा फरक दुचाकींचा. दुचाकींच्या टायरांची प्रचंड बाजारपेठ पूर्णपणे वेगळ्या यंत्रांवर चालते आणि एसयूव्हीच्या लाटेने तिला धक्का लागत नाही.

मोटारींच्या बाबतीत मात्र आपल्याकडचा बदल युरोपपेक्षा वेगवान आहे. २०१८-१९ मध्ये विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांपैकी युटिलिटी वाहने (एसयूव्ही आणि एमपीव्ही) सुमारे २८ टक्के होती. २०२४-२५ मध्ये ती सुमारे ६५ टक्के झाली. स्विफ्ट १४ किंवा १५ इंचांवर धावते, पंच १५ किंवा १६ वर, ब्रेझा १६ वर (२१५/६०, बाहेरचा व्यास सुमारे ६६४ मिमी), क्रेटाचे वरचे मॉडेल १७ वर (२१५/६०, सुमारे ६९० मिमी). तीन ते पाच वर्षांचा नियम इथे लावला, तर २०२४-२५ च्या गाड्या २०२८ ते २०३० च्या सुमारास बदलीच्या टायरांसाठी दुकानात येतील. मोठी प्रेस मागवून, बसवून, चाचण्या करून पूर्ण वेगाने चालवायला दीड-दोन वर्षे लागतात. जिथे आज ६६० मिलिमीटरच्या वरचा साचा घेणाऱ्या प्रेस हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील, तिथे त्यांची ऑर्डर ह्याच एक-दोन वर्षांत निघायला हवी.